कंपनी वाचवायची की औषध? सिकलसेलच्या उपचारांपुढील कठीण प्रश्न

वेस्ट मांबलम, चेन्नई

चेन्नईच्या मांबलम रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस त्यागराय नगरची झगमगती बाजारपेठ आहे, तर पश्चिमेस वेस्ट मांबलम ही जुनी मध्यमवर्गीय वस्ती. या वस्तीतून लोकल गाडीने दक्षिणेकडे निघाले की सैदापेठनंतर गिंडी येते. तेथे क्षयरोगप्रतिबंधक बीसीजी लस तयार करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. उत्तरेकडे नुंगंबाक्कमला गेले, तर वळ्ळुवर कोट्टम रस्त्यावर एकेकाळी 'ऑर्किड' या औषध कंपनीचे मुख्यालय होते. या दोन्ही संस्थांवर गेल्या दोन दशकांत बंद पडण्याची वेळ आली आणि दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी सावरल्या.

आजारी उद्योगाला उभारी देणे हा विषय सामान्यतः बँका, न्यायालये आणि भागधारक यांच्यापुरता मर्यादित मानला जातो. मात्र उद्योग औषधाचा असेल, तर त्या हिशेबात आणखी एक पक्ष असतो. तो म्हणजे रुग्ण. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष प्रकर्षाने समोर आली आहे. या आजारावर औषध शोधणाऱ्या एकाहून अधिक कंपन्या अडचणीत आल्या, विकल्या गेल्या किंवा दिवाळखोर ठरल्या. हा आजार विदर्भात, सातपुड्यात आणि निलगिरीच्या डोंगरांतही आहे. त्यामुळे परदेशातील कंपन्यांचे हे चढउतार आपल्याकडील वाचकांनीही समजून घेण्यासारखे आहेत.

सिकलसेल म्हणजे काय?

'सिकल' म्हणजे विळा. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात प्राणवायूचे प्रमाण कमी झाले की या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढील भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो. त्यातून हाडे, छाती आणि पोटात असह्य वेदना होतात. वारंवार असे घडल्यास प्लीहा, मूत्रपिंडे, फुफ्फुसे आणि मेंदू यांवरही परिणाम होतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर विळ्याच्या आकाराची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे रुग्णाला कायमचा रक्तक्षय असतो.

या आजाराचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. हिमोग्लोबिनच्या रेणूतच दोष असल्याचे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. हा दोष अगदी लहान आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानावर एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते, एवढाच तो फरक. मात्र तेवढ्याने संपूर्ण आयुष्य बदलते.

आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला, तरच आजार होतो. एकाकडूनच आला, तर ती व्यक्ती वाहक असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांनी विवाह केल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकांना हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा प्रादुर्भाव होता, त्या जंगलपट्ट्यांत हा दोष टिकून राहिला, असे शास्त्रज्ञ मानतात.

निलगिरीपासून नागपूरपर्यंत

भारतात सिकलसेलचा पहिला शोध तमिळनाडूतच लागला. निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींच्या रक्तात हा दोष असल्याचे लेहमन आणि कटबुश या संशोधकांनी १९५२ मध्ये नोंदवले. १९५८ मध्ये नागपूर परिसरातील रुग्णांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि मध्य भारतातही हा आजार असल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतरच्या पाहण्यांतून महाराष्ट्रातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती तसेच नंदुरबार या जिल्ह्यांचा नकाशा तयार झाला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत वाहकांचे प्रमाण मोठे आहे. विदर्भात अनुसूचित जातींच्या आणि अन्य समाजांतील कुटुंबांतही हा आजार आढळतो. पुण्यातील डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत जाऊन या आजारावर अनेक दशके काम केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले.

केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयाच्या माहितीनुसार, अनुसूचित जमातींमध्ये दर ८६ जन्मांमागे एका बालकाला सिकलसेलचा आजार असतो. जगाचा विचार करता २०२१ मध्ये सुमारे ५ लाख १५ हजार बालके हा आजार घेऊन जन्मली, असा एका जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. नायजेरिया, भारत आणि काँगो या तीन देशांत मिळून अशा नवजात बालकांपैकी निम्मी बालके जन्मतात, असे मानले जाते.

येथेच औषध उद्योगाची पहिली अडचण लक्षात येते. रुग्णांची संख्या मोठी आहे. मात्र बहुतेक रुग्ण गरीब देशांत किंवा गरीब समाजांत आहेत. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांमध्ये आढळतो आणि तेथील रुग्णांची संख्या सुमारे एक लाख आहे. औषधाचा खर्च वसूल होईल अशी बाजारपेठ त्या एक लाखांची आणि गरज मात्र लाखोंची, असे हे विषम गणित आहे.

ब्लूबर्ड : दहा अब्जांवरून तीन कोटींवर

या गणिताचे सर्वांत ठळक अलीकडचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'ब्लूबर्ड बायो' ही कंपनी. तिची स्थापना १९९२ मध्ये 'जेनेटिक्स फार्मास्युटिकल्स' या नावाने झाली. २०१० मध्ये तिने नवे नाव घेतले आणि २०१३ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत दुरुस्त जनुक घालायचे आणि त्या पेशी पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, अशी तिची उपचारपद्धती आहे. २०१८ मध्ये शेअर बाजारात या कंपनीचे मूल्य दहा अब्ज डॉलरच्या वर गेले होते.

पहिला धक्का युरोपात बसला. थॅलेसेमियावरील तिच्या उपचाराला तेथे २०१९ मध्ये मान्यता मिळाली. एका रुग्णासाठी त्याची किंमत सुमारे १५ लाख ७५ हजार युरो ठेवण्यात आली. जर्मनीशी किमतीवर एकमत झाले नाही आणि २०२१ मध्ये कंपनीने युरोपातून काढता पाय घेतला. औषध शास्त्राच्या कसोटीला उतरले होते, परंतु खरेदीदार मिळाला नाही.

८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिकलसेलवरील दोन जनुकीय उपचारांना एकाच दिवशी मान्यता दिली. त्यांपैकी 'लिफजेनिया' हा ब्लूबर्डचा होता आणि त्याची किंमत ३१ लाख डॉलर ठरली. भारतीय चलनात ही रक्कम २५ कोटी रुपयांहून अधिक होते. 'व्हर्टेक्स' आणि 'क्रिस्पर थेराप्युटिक्स' यांच्या 'कॅसजेव्ही' या दुसऱ्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर होती. शिवाय लिफजेनियासोबत रक्ताच्या कर्करोगाच्या जोखमीविषयी ठळक इशारा देणे बंधनकारक करण्यात आले.

ब्लूबर्डला आणखी एक आशा होती. दुर्मीळ आजारांवर औषध शोधणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेत एक विशेष सवलतपत्र दिले जाते. ते दुसऱ्या कंपनीला विकता येते. हे पत्र मिळेल असे गृहीत धरून ब्लूबर्डने ते १० कोटी ३० लाख डॉलरना विकण्याचा करारही आधीच केला होता. प्रत्यक्षात पत्र मिळालेच नाही.

पुढील वर्षभरात परिस्थिती वेगाने बिघडली. उपचारासाठी रुग्णाला महिनोन्‌महिने तयारी करावी लागते, केमोथेरपी घ्यावी लागते, पेशी तयार होण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे मान्यता आणि प्रत्यक्ष उत्पन्न यांत मोठे अंतर पडले. २०२४ मध्ये कंपनीने कर्ज काढले आणि सुमारे एकचतुर्थांश कर्मचाऱ्यांना कमी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'कार्लाइल' आणि 'एसके कॅपिटल' या गुंतवणूक संस्थांनी ती विकत घेण्याचे जाहीर केले. त्यासाठी भागधारकांना तत्काळ मिळणारी रक्कम अवघी तीन कोटी डॉलरच्या आसपास होती. जून २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला, नवे मुख्याधिकारी म्हणून डेव्हिड मीक आले आणि त्याच वर्षी कंपनीने 'जेनेटिक्स' हे आपले जुने नाव नव्या रूपात पुन्हा धारण केले.

या व्यवहारात भागधारकांचे जवळपास सर्वस्व गेले. रुग्णांच्या दृष्टीने मात्र तो आवश्यक होता. जनुकीय उपचार घेतलेल्या रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवावे लागते. कंपनीच नाहीशी झाली, तर त्या नोंदी कोण ठेवणार आणि एखाद्या रुग्णाला पुढे कर्करोग झाल्यास उत्तर कोण देणार, हा प्रश्न होता. कंपनी जिवंत राहिल्याने निदान ही जबाबदारी कोणाची, हे निश्चित राहिले.

नायजेरियातील धडा

सिकलसेलच्या औषधासाठी उभी राहिलेली कंपनी बुडण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्याआधीची कहाणी नायजेरियातील आहे आणि तिच्यात एक भारतीय धागाही आहे.

नायजेरियाची राजधानी अबुजा येथील सरकारी औषध संशोधन संस्थेने एका पारंपरिक वैद्याकडून मिळालेल्या पाठावर काम करून 'निप्रिसान' हे वनस्पतिजन्य औषध तयार केले. त्याच्या चार घटकांपैकी लवंग आणि ज्वारी हे दोन घटक मराठी वाचकांना चांगलेच परिचित आहेत. हे औषध तयार करण्याचा परवाना २००२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील 'झेकेम' या कंपनीने घेतला. जन्माने भारतीय असलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. रमेश पांडे हे तिचे संस्थापक होते.

२००६ मध्ये नायजेरियाने 'निकोसान' या नावाने या औषधाला मान्यता दिली आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अबुजाजवळ कारखाना उभारण्यात आला. मात्र कारखान्यासाठी काढलेली कर्जे, अपुरे उत्पादन आणि व्यवस्थापनातील वाद यांत कंपनी अडकली. २००७ मध्ये डॉ. पांडे यांना पद सोडावे लागले. नोव्हेंबर २००८ मध्ये झेकेमने अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला. त्यानंतर औषध पुन्हा बाजारात आणण्याचे प्रयत्न झाले, परंतु सुरुवातीचा जोर परत आला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. निप्रिसानविषयीचा पुरावा मर्यादित होता. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेला ८२ जणांवरील एकच योग्य चाचणी सापडली. तीत सहा महिन्यांत तीव्र वेदनांचे प्रसंग कमी झाल्याचे दिसले, परंतु मोठ्या चाचण्यांची गरज असल्याचे आढाव्यात म्हटले होते. कंपनी बुडाली आणि अशा चाचण्यांना लागणारे आर्थिक बळही तिच्याबरोबर गेले. औषध उपयुक्त ठरले असते की नाही, याचे उत्तर मिळण्याची संधीच त्यामुळे लांबली. दिवाळखोरीची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

श्रीमंत मालक म्हणजे हमी नव्हे

अडचणीतील छोटी कंपनी मोठ्या कंपनीने घेतली, म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. 'ग्लोबल ब्लड थेराप्युटिक्स' या अमेरिकी कंपनीच्या 'ऑक्सब्रायटा' या गोळीला २०१९ मध्ये मान्यता मिळाली होती. ही मान्यता तातडीच्या प्रक्रियेतून होती. औषधाने हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते, एवढ्या पुराव्यावर ती देण्यात आली होती. वेदना आणि मृत्यू कमी होतात, हे सिद्ध होणे बाकी होते. २०२२ मध्ये 'फायझर'ने ५.४ अब्ज डॉलर देऊन ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरनेच हे औषध जगभरातून मागे घेतले. उपलब्ध माहितीनुसार औषधाचा लाभ त्याच्या जोखमीपेक्षा अधिक राहिलेला नाही, असे कारण देण्यात आले.

हे औषध नियमित घेणाऱ्या रुग्णांना अचानक पर्याय शोधावे लागले. या प्रकरणात पैशाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती भक्कम पुराव्याची. म्हणून कोणत्याही आजारी औषध कंपनीला उभारी देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो, की तिचे औषध खरोखर काम करते काय?

चेन्नईतील दोन मार्ग

आता पुन्हा चेन्नईकडे वळू. १९९२ मध्ये स्थापन झालेली ऑर्किड ही प्रतिजैविके तयार करणारी मोठी कंपनी होती. कर्जाचा भार तीन हजार कोटी रुपयांच्या वर गेल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये तिच्यावर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली कारवाई सुरू झाली. या संहितेनुसार जुन्या संचालकांचे अधिकार स्थगित होतात, कारभार एका व्यावसायिकाकडे जातो आणि नव्या मालकासाठी प्रस्ताव मागवले जातात. ऑर्किडच्या बाबतीत पहिला निवडलेला खरेदीदार पैसे भरू शकला नाही. दुसऱ्या फेरीत 'धनुका लॅबोरेटरीज'ची निवड झाली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर मार्च २०२० मध्ये कंपनी नव्या मालकाकडे आली.

या प्रक्रियेत बँकांना आपल्या थकबाकीचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. मात्र आलत्तूरचे कारखाने मोडीत निघाले नाहीत. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की ऑर्किडच्या संशोधकांनी पूर्वी शोधलेला 'एनमेटाझोबॅक्टम' हा रेणू कंपनीच्या वाईट काळातही टिकून राहिला. त्याचा परवाना त्याआधीच 'अलेक्रा' या युरोपीय कंपनीला देण्यात आला होता आणि पुढील चाचण्या तिने केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये या रेणूवर आधारित औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ते भारतातही आले. मूळ कंपनी दिवाळखोरीत असताना औषध दुसऱ्या हाती सुरक्षित होते, हे या यशाचे मर्म आहे.

गिंडी येथील बीसीजी प्रयोगशाळेचा मार्ग वेगळा होता. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगशाळेसह कुन्नूर येथील पाश्चर संस्था आणि कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्था यांचे लस उत्पादनाचे परवाने जानेवारी २००८ मध्ये स्थगित करण्यात आले. उत्पादनाच्या उत्तम पद्धतींचे निकष पाळले जात नाहीत, असे कारण देण्यात आले होते. त्यावर देशभर टीका झाली, न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१० मध्ये स्थगिती उठवण्यात आली. त्यानंतर सरकारी निधीतून या संस्थांचे आधुनिकीकरण हाती घेण्यात आले. बाजार जे देणार नाही, ते राज्यसंस्थेने टिकवायचे, असा हा मार्ग आहे.

अर्थात, सरकारी पैसा म्हणजे यश नव्हे. चेन्नईजवळील चेंगलपट्टू येथे केंद्र सरकारच्या 'एचएलएल' कंपनीने शेकडो कोटी रुपये खर्चून लस संकुल उभारले, पण ते वर्षानुवर्षे उत्पादनाविना पडून राहिले. कोरोनाच्या साथीत मे २०२१ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी ते राज्याकडे सोपवण्याची मागणी केली होती. महाराष्ट्रात पिंपरी येथील 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स'चा अनुभवही असाच बोलका आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीला केंद्राने २००६ मध्ये पुनरुज्जीवनाचे पॅकेज दिले. दहाच वर्षांनी, २०१६ मध्ये, जमीन विकून देणी भागवण्याचा आणि कंपनीतील हिस्सा विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला घ्यावा लागला. इमारत, यंत्रे आणि मदत हे सर्व असूनही नियमित खरेदीदार आणि स्पर्धेत टिकणारे उत्पादन नसेल, तर उभारी तात्पुरती ठरते.

भारतातील रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

सिकलसेलच्या भारतीय रुग्णाचे आयुष्य आज प्रामुख्याने एका जुन्या आणि स्वस्त औषधावर अवलंबून आहे. त्याचे नाव हायड्रॉक्सियुरिया. गर्भातील बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि त्यामुळे पेशी विळ्याच्या आकाराच्या होत नाहीत. हायड्रॉक्सियुरियामुळे शरीर हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा अधिक प्रमाणात तयार करू लागते. अमेरिकेत १९९८ मध्ये सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली. भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतही ते आहे. त्याचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले असून अनेक कंपन्या ते तयार करतात. एक कंपनी बुडाली, तरी औषध बुडत नाही. ही त्याची सर्वांत मोठी ताकद आहे.

त्रुटी होती ती लहान मुलांच्या बाबतीत. मोठ्यांसाठीची कॅप्सूल उघडून मुलाला अंदाजाने मात्रा देणे धोक्याचे असते. परदेशात मिळणारे द्रवरूप औषध अतिशय महाग होते. २०२४ मध्ये 'अ‍ॅकम्स' या भारतीय कंपनीने सामान्य तापमानात टिकणारे द्रवरूप हायड्रॉक्सियुरिया सुमारे ६०० रुपयांत देण्याचे जाहीर केले. आयात औषधाची किंमत सुमारे ७७ हजार रुपये असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे १७ लाख वाहक आढळले. तपासणीतून रुग्ण सापडला, की त्याला आयुष्यभर औषध लागणार हे उघड आहे. म्हणजेच हे अभियान एका अर्थाने औषध कंपन्यांसाठी खात्रीची मागणीही निर्माण करते. मात्र ती मागणी प्रत्यक्षात येण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बारा महिने औषध असावे लागते आणि पुरवठादाराची देयके वेळेवर भागवावी लागतात. भामरागड किंवा धडगावच्या रुग्णासाठी कारखाना बंद पडणे आणि केंद्रातील औषध संपणे यांत काहीच फरक नसतो.

जनुकीय उपचारांच्या क्षेत्रातही भारतात हालचाल सुरू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी 'बिरसा १०१' या देशी बनावटीच्या सिकलसेल उपचाराची घोषणा केली. दिल्लीतील जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेत विकसित झालेल्या या उपचाराला बिरसा मुंडा यांचे नाव देण्यात आले आहे. त्याच्या तंत्रज्ञानासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार केल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे अशा उपचारांचे कौशल्य देशात आहे, हे दिसून आले. तरीही 'बिरसा १०१' ची खरी परीक्षा चाचण्यांत आणि त्यानंतर किमतीत होईल. ब्लूबर्डकडे शास्त्र होते, मान्यताही होती. तिच्याकडे नव्हता तो परवडणारा दर आणि वेळेवर पैसे देणारा ग्राहक.

उभारी देताना काय पाहावे?

वरील सर्व उदाहरणांतून काही सूत्रे हाती लागतात. पहिले सूत्र पुराव्याचे आहे. औषध उपयोगी असेल, तरच त्याच्या मागील संस्थेवर जनतेचा पैसा खर्च करणे योग्य ठरते.

दुसरे सूत्र खरेदीचे आहे. अमेरिकेत गरिबांसाठी असलेल्या 'मेडिकेड' योजनेत २०२५ पासून सिकलसेलच्या जनुकीय उपचारांसाठी वेगळी पद्धत सुरू झाली. उपचार अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही, तर कंपनीने सवलत द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. केंद्राने सर्वांच्या वतीने दर ठरवायचा आणि राज्यांनी त्यात सहभागी व्हायचे, ही कल्पना भारतासारख्या देशातही विचारात घेण्यासारखी आहे.

तिसरे सूत्र परवान्याचे आहे. सरकारी संस्थेने आपले औषध खासगी कंपनीला देताना, ती अपयशी ठरल्यास हक्क, कृती आणि रुग्णांच्या नोंदी विनाविलंब परत मिळतील, अशी तरतूद करारातच हवी. निप्रिसानची कहाणी या बाबतीत सावध करणारी आहे. चौथे सूत्र एकाहून अधिक उत्पादकांचे आहे. हायड्रॉक्सियुरिया टिकले ते याच कारणाने.

वेस्ट मांबलममध्ये 'पब्लिक हेल्थ सेंटर' नावाचे एक धर्मादाय रुग्णालय आहे. कमी खर्चात सामान्यांवर उपचार करणारी संस्था म्हणून ते गेली अनेक दशके ओळखले जाते. निलगिरीतील गुडलूर येथे 'अश्विनी' या संस्थेचे आदिवासी रुग्णालय सिकलसेलच्या रुग्णांची नियमित काळजी घेते. अशा संस्था औषध शोधत नाहीत आणि शेअर बाजारात त्यांची नोंद नसते. परंतु औषध शेवटी ज्या हातातून रुग्णाकडे जाते, तो हात त्यांचा असतो. कंपन्या येतील, विकल्या जातील, नावे बदलतील. वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला त्याच्या वजनाप्रमाणे योग्य मात्रा रोज मिळते किंवा नाही, यावरच कोणत्याही पुनरुज्जीवनाचे मोजमाप व्हायला हवे.